‘धांदरट’ हे काय निदान नव्हे

आलेलं पत्र, थोडं कमी करून:

“मावशी, मी ३४ वर्षांची. माहेर हुपरी, सासर कोल्हापूर, राजारामपुरीत एका पतसंस्थेत क्लार्क आहे. पोरगा तिसरीत आहे, त्याला गेल्या वर्षी एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही, चंचलपणा असतो ते, निघालं. डॉक्टर त्याच्याबद्दल एकेक विचारत होते, वस्तू हरवतो का, हातातलं काम अर्धवट टाकतो का, समोरचा बोलत असताना लक्ष उडतं का, आणि मी तोंडानं त्याची उत्तरं देत होते आणि मनात माझी. घरी येऊन मोबाईलवर मोठ्यांची सहा प्रश्नांची टेस्ट केली, सहाच्या सहा हो. दूध तर आठवड्यातनं तीनदा उतू जातं, सासूबाई म्हणतात हिचं ध्यान कुठं गावाला गेलेलं असतंय कुणास ठाऊक. कॅश कमी पडली म्हणून तीनदा पदरचे भरलेत, एकदा दोन हजार, घरात कुणाला माहीत नाही. धीर करून एका डॉक्टरांना विचारलं तर हसले. म्हणाले, बीकॉम झालाय, नोकरी करताय, संसार करताय, मोठ्या माणसांना असलं काही नसतं, प्राणायाम करा. आणि झोपेची गोळी दिली. मिस्टर पोराला दर महिन्याला डॉक्टरकडं नेतात, पण माझं काढलं की म्हणतात पोराचं बघ आधी, तुझं काय मधेच. आणखी एक, हुपरीत असताना मी पैंजणाला घुंगरं लावायला बसले की सहा सहा तास मान वर करत नव्हते, आई जेवायला हाका मारून दमायची. मग माझ्यात लक्षच नाही असं कसं म्हणू? ह्या वयात तपासून काय उपयोग आहे का, का मी खरंच नुसती धांदरट आहे? — धांदरट, कोल्हापूर”

अगं, आधी त्या सहीचं बोलू. पत्राखाली तू नाव नाही लिहिलंस, टोपणनाव म्हणून पण दुसरं काही सुचलं नाही, ‘धांदरट’ लिहिलंस. ते वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले, कारण आमच्या घरात पण असाच एक शब्द होता. घुम्या. माझ्या धाकट्या भावाला सगळे घुम्या म्हणायचे, आई पण, मी पण, आणि आता मला त्याचं इतकं वाईट वाटतं की सांगता येत नाही. आपल्याकडं ह्या शब्दांची काय कमी नाही बघ, वेंधळी, धांदरट, एककल्ली, तिरसट, तंद्रीखोर, बिनडोक, प्रत्येक घरात एकाला तरी ह्यातलं काहीतरी चिकटवलेलं असतं आणि मग तो माणूस जन्मभर तेच नाव घेऊन फिरतो, आणि एक दिवस स्वतःच सही करून मोकळा होतो.

मी डॉक्टर नाही. तुला एडीएचडी आहे असं मी सांगू शकत नाही, आणि ती मोबाईलवरची टेस्ट पण सांगू शकत नाही. तू केलीस ती बहुतेक जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस असणार, तिच्यात एकूण १८ प्रश्न आहेत आणि पहिले सहा चाळणीसाठी. चाळणीत अडकलं म्हणजे नीट तपासून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. पण ‘मोठ्या माणसांना असलं काही नसतं’ हे मात्र मी खोडून काढणार, कारण हे साफ चूक आहे आणि ह्या एका वाक्यानं किती माणसं दवाखान्याच्या पायरीवरनं परत गेली असतील त्याची मोजदाद नाही.

एडीएचडी लहानपणी सुरू होतं, बारा वर्षांच्या आत त्याची लक्षणं दिसायला लागतात, निदान करताना ही अटच आहे. पण अठरावं लागलं म्हणून ते घर सोडून जात नाही. खूप जणांचं मोठेपणी तसंच राहतं, फक्त रूप बदलतं, उड्या मारणं कमी होतं आणि आतली धावपळ राहते, कामं सुरू होतात संपत नाहीत, वेळेचा अंदाज चुकतो, किल्ली सापडत नाही. डॉक्टर लोक जे अमेरिकन पुस्तक बघून निदान करतात ना, डीएसएम, त्याची पाचवी आवृत्ती २०१३ ला आली, त्यात सतरा वर्षांपुढच्यांसाठी वेगळा आकडाच दिलाय, पोरांना एका गटातली सहा लक्षणं लागतात तर मोठ्यांना पाच. म्हणजे मोठ्यांना असतं हे धरूनच ते लिहिलंय. आणि हे रक्तातनं येतं, घराण्यात चालत येतं, त्यामुळं पोराच्या तपासणीत बसलेल्या आईला स्वतःची गोष्ट ऐकायला येणं ह्यात नवल काही नाही. पोरींचं तर आणखी अवघड. पोरगा बाकावरनं उठून पळतो म्हणून बाई घरी चिठ्ठी पाठवतात, पोरगी खिडकीतनं बाहेर बघत गप्प बसते, तिची कोण तक्रार करणार. शांत आहे, गुणी आहे, जरा तंद्रीत असते, एवढं लिहून वर्ष जातं.

घुंगरांचं तू विचारलंस ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. लक्ष नाही असं नसतंच गं. लक्ष भरपूर असतं, ते कुठं लावायचं आणि कधी काढायचं ह्याचा लगाम हातात राहत नाही. पैंजण हातात आहे, एक घुंगरू लागलं की लगेच दुसरं, चांदी चमकतेय, काम डोळ्यासमोर वाढत चाललंय, तिथं मन असं काही चिकटतं की भूक कळत नाही. आणि दूध म्हणजे काय, नुसतं उभं राहून वाट बघणं. गॅस लावला, तेवढ्यात पोराचा डबा आठवला, डब्याचं झाकण शोधताना वॉशिंग मशीनमधले कपडे दिसले, कपडे हातात घेतले आणि मागनं चर्र्र. मग सासूबाईंच्या आधी पोचून ओटा पुसायचा, बर्नरखाली जळून बसलेली ती काळी कड घासणीनं खरवडायची, आणि दिवसभर स्वतःला शिव्या घालायच्या. एकाच बाईची ही दोन्ही कामं आहेत आणि दोन्हीच्या मागं एकच डोकं आहे. उलट घुंगरांची गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे, लपवायची नाही.

आता तुझ्या पोराकडं बघ आणि तुझ्याकडं बघ. त्याला बालरोगतज्ज्ञ आहेत, शाळेत समुपदेशक आहे, सरकारचा बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात जन्मल्यापासून अठरापर्यंतच्या पोरांची तपासणी होते, वाढीत काही अडलेलं दिसलं तर जिल्ह्याच्या केंद्राकडं पाठवायची सोय आहे. कमी असेल, अपुरी असेल, पण पोराला घेऊन कुठं जायचं हे तरी कळतं. आणि अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी काय? तेच पोरगं, तोच मेंदू, आणि कुठलंही केंद्र त्याचं नाही. ते आता मानसोपचाराच्या ओपीडीत रांगेत उभं राहायचं, जिथं खरोखरचे गंभीर पेशंट बाहेरच्या बाकावर बसलेत आणि डॉक्टरकडं एकेकाला पाच मिनिटं आहेत. आपल्या देशात लाख माणसांमागं एक मानसोपचारतज्ज्ञ पण येत नाही, ०.७५ असा आकडा सांगतात. त्यातल्या कितीतरी जणांच्या शिक्षणाच्या काळात ऑटिझम (स्वमग्नता), एडीएचडी म्हणजे बालरोगाचा धडा होता. त्यामुळं मोठा माणूस समोर आला की त्यांना डिप्रेशन दिसतं, टेन्शन दिसतं, स्वभाव दिसतो, आणि ते सगळं असतंही, वर्षानुवर्षं स्वतःला नालायक समजून जगलेल्या माणसाला डिप्रेशन येणार नाही तर काय. पण खालचं मूळ तसंच राहतं. हे मी डॉक्टरांची बाजू म्हणून सांगते, वेळ नाही, शिकवलेलं नाही हे समजू शकते. हसणं समजू शकत नाही.

मला ह्यात सगळ्यात लागतं ते हे, की हे कोल्हापूर आहे. १९१७ साली शाहू महाराजांनी इथं प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोरगं शाळेत घातलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. कोण बाहेर राहिलंय ते मोजायचं आणि त्याला आत आणायचं, ही ह्या गावाची रीत आहे. त्या गावात एक चौतीस वर्षांची बाई विचारते की मला नीट बघाल का, आणि तिला प्राणायाम सांगून परत पाठवतात.

भावाचं सांगते, म्हणजे तुझ्या ‘ह्या वयात काय उपयोग’ला उत्तर मिळेल. तो उद्यमनगरात लेथवर कामाला. हात असा की मायक्रोमीटर लावायच्या आधीच सांगायचा किती सुटलंय. पण लग्नाची वरात, बँड, ताशा म्हटलं की गायब, पाहुणे आले की माळ्यावर, एकदा ठरलेलं जेवण बदललं की उपाशी. बाविसाव्या वर्षी त्याला दाखवायला सुरुवात केली. एकानं लग्न करा म्हणून सांगितलं, एकानं जड गोळ्या चालू केल्या, त्या त्यानं सहा वर्षं घेतल्या, हात थरथरायला लागला, लेथवर उभं राहता येईना, आणि ते काम म्हणजे तर त्याचा जीव होता. कुणीही त्या सहा वर्षांत विचारलं नाही की हा लहानपणी कसा होता. तो त्रेचाळीसचा असताना एक तरुण डॉक्टरीण भेटली, तिनं त्याला बाजूला बसवलं आणि आमच्या आईला विचारलं, हा चार वर्षांचा असताना काय करायचा. आई तेव्हा सत्तरीच्या पुढं. म्हणाली, शाळेला एकाच बोळातनं जायचा, एकदा नळासाठी बोळ खणलेला, मी दुसरीकडनं न्यायला लागलो तर तिथंच रस्त्यात बसला, उचलून घरी आणला, चार दिवस शाळा नाही. आणि मग एकापाठोपाठ एक, आई तासभर बोलत होती. कुणी विचारलंच नव्हतं तिला. त्याला ऑटिझम आहे हे त्या दिवशी कळलं, त्रेचाळिसाव्या वर्षी.

उपयोग काय झाला म्हणशील तर जड गोळ्या हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कमी झाल्या. हात परत स्थिर झाला. आता तो कारखान्यात कानाला मफ लावून काम करतो आणि मालकाला त्याचं काही वाटत नाही. लग्नाला येतो, अक्षता पडल्या की घरी जातो, कुणी अडवत नाही. आणि आईनं घुम्या म्हणायचं बंद केलं, नावानं हाक मारायला लागली, ती गेली त्याच्या आधी तीन वर्षं. तीन वर्षं तरी मिळाली त्याला.

सरकारी कागदाचं पण सांगून ठेवते म्हणजे आशा लावून बसू नकोस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी आहेत, एडीएचडी हे नाव त्यात नाही. म्हणजे त्या नावावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मागायला गेलीस तर हात हलवत परत येशील. ऑटिझम यादीत असून पण मोठ्यांची परवड आहेच. सर्टिफिकेटसाठी जी ४० मुद्द्यांची भारतीय प्रश्नावली आहे, आयएसएए, तिच्यात ७० च्या पुढं गुण गेले तर ऑटिझम धरतात, आणि चाळीस वर्षं लोकांसारखं वागायची सवय लावून घेतलेला, कामधंदा करणारा माणूस त्यात बसत नाही. भावाचे ७० च्या आतच राहिले. डॉक्टरांच्या फाइलमध्ये ऑटिझम आहे, सरकारच्या कागदावर नाही. ते सर्टिफिकेट असतं तर सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय नावाचा आरोग्य विमा मिळाला असता, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात ओपीडी आणि थेरपीचा पण खर्च धरतात. एवढा चांगला विमा, आणि मोठ्या माणसाला तिथंपर्यंत पोचायची वाटच अशी. तुझा नेहमीचा मेडिक्लेम असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक आजार पण शारीरिक आजारासारखाच कव्हर करायला पाहिजे, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात आणि एडीएचडीसाठी कोण ॲडमिट होतं. म्हणजे फी, टेस्ट, गोळ्या, सगळं खिशातनं. हे आधी माहीत असलेलं बरं, नवऱ्याशी बोलताना पैशाचा विषय येणारच.

तरी जायचं. कसं जायचं ते सांगते, कारण निम्मी लढाई तिथंच हरतात लोक. आधी फोन करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, मोठ्या माणसांचं एडीएचडी तपासता का. आडवंतिडवं उत्तर आलं तर नंबर खोडायचा आणि पुढचा. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, केसपेपर काढून दाखवता येतं, तिथनं सुरुवात कर. गावात प्रायव्हेट आहेत, मिरज-सांगली जवळ आहे, पुण्याला गेलं तर मोठ्यांचं बघणारे जास्त मिळतील पण गाडीभाडं आणि एक दिवसाची रजा धरून चाल. पोराचे जे डॉक्टर आहेत त्यांना पण विचार, मोठ्यांसाठी कुणाकडं पाठवता, त्यांची ओळख असते. आणि काहीच जमेना, नुसतं बोलायला तरी कुणी पाहिजे असं झालं तर टेली मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

जाताना आईला हुपरीतनं बोलावून घे. हे मी हट्टानं सांगते. सासूबाई नकोत पहिल्या खेपेला, त्यांना तुझं लहानपण माहीत नाही. आईला सांग, माळ्यावरच्या ट्रंकेत माझी प्रगतीपुस्तकं असतील ती घेऊन ये. ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’, ‘वह्या अपूर्ण’ असलं चौथी-पाचवीतल्या बाईंच्या अक्षरात काही लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना ते तुझ्या शंभर वाक्यांपेक्षा जास्त सांगेल. आणि एक कागद स्वतः लिहून ने, एका पानाच्या वर नको. ‘मी विसरभोळी आहे’ असं नाही लिहायचं, घडलेलं लिहायचं. गेल्या महिन्यात कॅश कितीदा कमी आली, पदरचे किती गेले. दूध किती वेळा. लाईट बिल भरायला पैसे असून किती महिने दंड. शाळेची पालकसभा विसरली ती तारीख. आत गेलं की बोलायला सुचत नाही, पाच मिनिटं संपतात आणि आपण प्राणायाम घेऊन बाहेर येतो, म्हणून कागद टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, हे वाचा आणि मग मला विचारा. झोपेच्या गोळीचं पण तेव्हाच सांग, मनानं सुरू नको, मनानं बंद नको.

चांगला डॉक्टर लगेच हो म्हणणार नाही, त्याचा राग मानू नकोस. थायरॉईड बघेल, हिमोग्लोबिन बघेल, झोप विचारेल, डिप्रेशन आहे का बघेल, कारण ह्या सगळ्यात पण माणूस विसरतो. ते बघायलाच पाहिजे. पण कुणी म्हणालं की एमआरआय करा नाहीतर ब्रेन मॅपिंगचं पॅकेज घ्या म्हणजे एडीएचडी कळेल, तर उठून यायचं, असलं कुठलं मशीन नाही, हे निदान बोलून, विचारून, जुनं काढूनच होतं. टेस्ट घेणारे सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे का विचार, विचारण्यात अपमान काही नाही. आणि तुझी कॅश कमी पडते त्यात आकड्यांचा घोळ आहे का, म्हणजे ५६ चं ६५ होतं का, एंट्री करताना आकडा उलटा पडतो का, हे वेगळं तपासायला सांग. आकड्यांची अडचण, डिसकॅल्क्युलिया, एडीएचडीच्या जोडीनं येऊ शकते आणि ती मात्र त्या २१ च्या यादीत बसते.

गोळ्यांबद्दल एवढंच, की त्या घ्यायच्या का नाही हे तू आणि डॉक्टरांनी ठरवायचं, पण अडचण कुठं येते ते ऐकून ठेव. मिथाइलफेनिडेट नावाचं औषध शेड्यूल एक्समध्ये येतं, मेडिकलवाल्याला त्याचं वेगळं लायसन लागतं, चिठ्ठी दोन प्रतीत लागते आणि एक प्रत त्याला दोन वर्षं जपून ठेवायला लागते, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळत नाही आणि काही दुकानदार असं बघतात की जणू आपण काही चोरटं मागतोय. आपण चोरटं काही मागत नाही. आणि टेलिमेडिसिनच्या २०२० च्या नियमांनी ते नुसत्या व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाही, त्यामुळं मुंबईच्या डॉक्टरांशी ऑनलाइन बोलून सगळं होईल असं धरू नकोस. दुसरं ॲटोमॉक्सेटिन, ते वेगळ्या प्रकारचं, परिणाम दिसायला काही आठवडे जातात. बीपी, हृदयाचा त्रास असेल तर आधीच सांगायचं. पोराच्या गोळीतली अर्धी घेऊन बघू असं मनात आलं असेल तर ते आजच काढून टाक, पोटतिडकीनं सांगते.

ऑफिसात इतक्यात काही सांगू नकोस. मला हे लिहिताना बरं वाटत नाहीये, खरं म्हणजे सांगता यायला पाहिजे. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये विकास कुमारच्या केसमध्ये म्हटलंय की वाजवी सोय मिळायला ४० टक्के दिव्यांग असायलाच पाहिजे असं नाही, हाताच्या त्रासामुळं लिहिता न येणाऱ्या त्या मुलाला लेखनिक द्यायला सांगितला. चांगला निकाल आहे. पण पतसंस्थेत संचालक कोण, मॅनेजर कोण, कोण कुणाचा पाहुणा, हे तुला माहिती आहे, आणि एडीएचडी यादीत नसल्यानं कायद्याचा आधार कच्चा आहे. म्हणून नाव न घेता सोय माग. पिग्मीवाले, म्हणजे रोजची बचत गोळा करणारे एजंट, संध्याकाळी सगळे एकदम येतात ना, भरणा आणि मशीन घेऊन, तेव्हाच घोळ होत असणार, तिघं बोलतायत आणि तू नोटा मोजतेयस. मॅनेजरना म्हण, मला एका वेळी एकच पिग्मीवाला द्या, आणि टॅली झाल्यावर दुसऱ्या कुणाची सही घ्या, हिशेब पक्का होईल. ह्यात कुणाचं काय जात नाही. आणि पदरचे पैसे आता भरायचे नाहीत, कमी आले की त्याच दिवशी सांगायचं. ते दोन हजार मनात घेऊन तू किती दिवस झोपलीस ते मला माहीत नाही पण अंदाज येतो.

घरी. मिस्टर वाईट नाहीत असं तुझ्या पत्रावरनं वाटतं, पोराला घेऊन तेच जातात ना दर महिन्याला, म्हणजे त्यांना समजतं. त्यांना स्वयंपाकघरात सांगू नकोस, तिथं तुझं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांत राहील. रंकाळ्यावर घेऊन जा, चालता चालता सांग, आणि ते दोन हजारांचं पण सांग. पोराच्या फाइलमध्ये जे लिहिलंय तेच वाचून दाखव आणि म्हण, ह्यात पोराच्या जागी माझं नाव घालून बघा. ‘पोराचं बघ आधी’ म्हणतात त्यावर उत्तर असं, की पोराच्या गोळ्यांच्या वेळा, थेरपीच्या तारखा, शाळेचा डबा, वही, सगळं ज्या बाईच्या डोक्यावर टाकलंय तिलाच जर तारीख लक्षात राहत नसेल तर पोराचं कसं बघणार. तिची सोय झाली की पोराची आपोआप होते. दुधाचं काम सासूबाईंना दे, सरळ देऊन टाक, आई तुम्ही तापवा, माझ्या हातनं उतू जातं. त्या बदल्यात असलं काम घे की जे हातात धरल्यावर सुटत नाही. त्या दोन दिवस कुरकुर करतील, करू देत. त्यांना लगेच एडीएचडी समजावून सांगायला जाऊ नकोस, नातवाचं समजलंय का त्यांना हे आधी बघ, त्याच वाटेनं तुझं समजेल.

आणखी एक माझ्या मनात आहे. ह्याच गावात नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड उभी केली, व्हीलचेअरवरच्या माणसांनी व्हीलचेअरवरच्यांसाठी, कुणी देईल म्हणून वाट बघत बसले नाहीत. आपल्या ह्या माणसांचं असं काही नाही अजून, कारण ती एकमेकांना ओळखतच नाहीत, प्रत्येकजण आपापल्या घरात वेंधळा नाहीतर घुम्या म्हणून एकटा बसलाय. तुझ्या पोराच्या थेरपीला बाहेर ज्या आया बसतात ना, त्यांच्यातल्या एकीला तरी विचारून बघ, तुझं पण असंच होतं का गं. माझी खात्री आहे की कुणीतरी मान वर करून बघेल.

आणि पुढच्या पत्राखाली नाव लिही. खरं नको लिहूस, पण नाव लिही.

मंगळवारी फोन करायचा, सकाळी अकराच्या आत. नंबर आजच कागदावर लिहून फ्रिजला लाव, मिस्टरांना शेजारी बसव आणि रिंग वाजेपर्यंत उठू देऊ नकोस, आणि तोपर्यंत गॅसवर काही ठेवू नकोस.